व्हिडिओ डोअरबेल व गृहस्वयंचलन (बारामती व इंदापूर तालुके)

दाराच्या घंटेचे बटण, लहान कॅमेरा, मायक्रोफोन व स्पीकर एकाच पेटीत बसवून, बटण दाबले जाताच दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे चित्र व आवाज घरातील पडद्यावर किंवा दूरच्या मोबाइलवर पोहोचविणारे उपकरण म्हणजे व्हिडिओ डोअरबेल; आणि या उपकरणाने दिलेल्या वर्दीवरून घरातील घंटा, दिवे, टीव्ही, कुलूप व चित्रमुद्रणाची व्यवस्था यांनी ठरवून दिलेल्या क्रमाने आपापले काम करावे, अशी जी तजवीज एका मध्यवर्ती नियंत्रकाच्या द्वारे केली जाते, ती या उपकरणाची गृहस्वयंचलनाशी झालेली जोडणी होय. प्रस्तुत नोंदीत हा विषय पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात पाहिला आहे. उपकरणाबरोबर येणाऱ्या पुस्तिका जे घर गृहीत धरून लिहिलेल्या असतात, त्यात वीज अखंड असते, राउटर दारालगत असतो आणि मोबाइल लीलया हाताळणारा गृहस्थ सदैव हजर असतो. या तालुक्यांत मात्र उसाच्या फडालगतची वस्ती, घरापासून बऱ्याच अंतरावरचे लोखंडी फाटक, भरवशाची नसलेली वीज, आणि मुले पुण्याला, पिंपरी-चिंचवडला किंवा परदेशी नोकरीस असल्यामुळे घरी राहिलेली वडीलधारी माणसे, हेच चित्र नेहमी आढळते. म्हणून ‘घंटा प्रथम कोणी ऐकावी’ हा प्रश्न येथे तांत्रिक तपशिलाच्या आधी सोडवावा लागतो, आणि त्याचे उत्तर ‘घरात असलेल्या माणसाने’ असेच दिले पाहिजे.

पूर्वपीठिका : आगंतुकाची वर्दी देण्याची व्यवस्था या मुलुखाला नवी नाही. कऱ्हेकाठी बारामतीत बाबूजी नाईकांचा जो वाडा आहे, आणि ज्या नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत (१७२९–१७९४) या गावी राहिले, तशा वाड्यांतून दिंडी दरवाजा, त्यालगतची देवडी आणि देवडीवरील पहारेकरी यांच्याकडे हे काम असे. इंदापूरला मालोजीराजांच्या गढीचा बंदोबस्तही याच जातीचा. सामान्य रयतेच्या घराला स्वतंत्र पहारा नव्हता; त्याच्या जागी गावाच्या वेशीवर वेसकर आणि रात्री गस्तीला रामोशी व जागले असत. या चाकरीचा तपशील त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात आला आहे. या जुन्या बंदोबस्ताचे आज कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही : गावाला निर्धास्त झोप मिळावी म्हणून जो माणूस वेशीवर जागे, त्याची चाकरी त्याच्या जातीला जखडलेली होती, आणि तिचा मोबदला अवमानासह पदरात पडत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते यासाठीच. कनिष्ठ ग्रामवतने पुढे १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. जागरणाचे हे काम यंत्राकडे जात असेल तर त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे.

दरम्यान वस्तीची रचनाही पालटली. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यावर ऊस वाढला, आणि कुटुंबे गावठाण सोडून आपापल्या रानात राहावयास गेली. पुढे १९८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या उजनी धरणाने इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे उठविली व त्यांतील लोकांना नव्या जागी घरे मांडावी लागली. वेस मागे राहिली; शेजाऱ्याला हाक ऐकू जाईल असे अंतरही अनेक वस्त्यांना उरले नाही.

पाश्चात्त्य देशांतील या उपकरणाचा उगमही अशाच एकाकीपणात आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने, पती आल्बर्ट यांच्यासह, १९६६ साली एका गृहसुरक्षा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९६९ च्या डिसेंबरात ते त्यांना मिळाले. वेळी-अवेळी घरी एकटे राहावे लागणे आणि बोलावल्यावर पोलीस वेळेवर न येणे, ही त्यांची अडचण होती. दारातील निरनिराळ्या उंचीच्या छिद्रांसमोर वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीतील पडदा, दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय, दुरून दार उघडण्याची कळ आणि धोक्याची सूचना देणारे बटण ही सर्व अंगे त्यांच्या आराखड्यात होती. आजच्या उपकरणात तत्त्वतः त्याहून अधिक फारसे काही नाही. इंटरनेटशी जोडलेली घंटा बाजारात रुजली ती जेमी सिमिनॉफ यांच्या २०१३ सालच्या ‘डोअरबॉट’पासून, तिचेच नामांतर पुढे ‘रिंग’ असे झाले व २०१८ मध्ये ती कंपनी ॲमेझॉनने विकत घेतली.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला मात्र स्वयंचलनाची ओळख घराच्या दारातून झाली नाही, ती विहिरीवरील मोटारीतून झाली. रात्रीच्या पाळीला वीज आली की अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने मोटार सुरू करावयास जाणे टळावे म्हणून आधी स्टार्टरला मोटार आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ जोडण्यात आला, आणि त्यानंतर मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारे स्टार्टर आले. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले ‘नॅनो गणेश’ हे त्यांतील सुपरिचित साधन होय. एका संकेतावरून दुसरे यंत्र चालविणे, आणि काम झाल्याची उलट खबर मिळविणे, हे तत्त्व ज्याने मोटारीवर अनुभवले आहे त्याला डोअरबेलची जोडणी समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाही. स्टार्टरची पेटी जोडणारा गावचा वायरमनच पुष्कळदा हे कामही करू शकतो, त्याला जाळ्याची माहिती तेवढी करून द्यावी लागते.

जोडणीचे स्वरूप : घंटेकडून नियंत्रकाला दोन गोष्टी हव्या असतात, एक बटण दाबल्याची वर्दी व दुसरी चालू चित्राचा प्रवाह. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी परस्परांशी बोलावे यासाठी ॲक्सिस, बॉश व सोनी यांनी २००८ साली स्थापिलेल्या ‘ऑनव्हिफ’ या मंचाचे संकेत, आणि चित्र वाहून नेण्याची ‘आरटीएसपी’ ही रीत, ज्या घंटेला अवगत आहे ती घरातल्या घरात जोडता येते. जी घंटा आपले चित्र केवळ कंपनीच्या परदेशी संगणकाकडेच पाठविते, तिच्याशी बोलण्यासाठी त्या कंपनीच्या मर्जीवर व पुष्कळदा मासिक वर्गणीवर अवलंबून राहावे लागते. घरांतील उपकरणांसाठी २०२२ साली निघालेल्या ‘मॅटर’ या समाईक मानकाच्या पहिल्या आवृत्तीत कॅमेऱ्यांचा अंतर्भावच नव्हता. तो २०२५ च्या नोव्हेंबरात १.५ या आवृत्तीने झाला, आणि त्यानुसार बनलेली उपकरणे खेड्यापर्यंत पोहोचेतो जुन्याच मार्गांनी काम भागविणे प्राप्त आहे. मध्यवर्ती नियंत्रक म्हणून पाउलस स्काउटसेन यांनी २०१३ साली आरंभिलेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्त प्रणाली एखाद्या लहानशा संगणकावर चालते, आणि इंटरनेट नसतानाही घरातील सर्व हुकूम घरातच बजावते. या दोन तालुक्यांसाठी निवड करावयाची झाल्यास हाच गुण निर्णायक मानला पाहिजे. कारण वादळात तार तुटली अथवा मोबाइलची रेंज गेली, तर दाराशी उभे असलेले पाहुणे व स्वयंपाकघरातील आजी यांच्यामधील निरोप एखाद्या परदेशी संगणकावाचून अडावा, हे सर्वथा अनुचित आहे.

विजेविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक बिघाड तेथेच होतात. अमेरिकेतील घरांत घंटेसाठी १६ ते २४ व्होल्टचा निराळा ट्रान्सफॉर्मर असतो व तिकडची घंटा तेवढ्याच दाबावर चालते. आपल्याकडे बटणातून सरळ २३० व्होल्टची फेज जाते. नातेवाइकांनी तिकडून आणलेली घंटा जुन्या बटणाच्या तारांना जोडली तर ती तत्काळ जळते आणि जोडणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते. अशा ठिकाणी बोर्डात योग्य ट्रान्सफॉर्मर बसवावा, नाहीतर इथरनेटच्या तारेतूनच वीज घेणारी घंटा निवडावी. ही दुसरी रीत वस्तीला विशेष सोयीची. एकाच तारेतून वीज व चित्र दोन्ही १०० मीटरपर्यंत जातात आणि वायफायचा सिमेंटच्या भिंतींशी चालणारा झगडा संपतो. मात्र फाटक याहून दूर असेल, किंवा तार उघड्या रानातून जात असेल, तर तांब्याऐवजी फायबर टाकून फाटकापाशी वीज निराळी द्यावी. कारण वैशाख-ज्येष्ठात वळवाबरोबर जी वीज कडाडते, तिचा झटका लांब तांब्याच्या तारेतून थेट घरात येतो व राउटरपासून टीव्हीपर्यंत सर्व यंत्रे एका क्षणात निकामी करतो. अर्थिंगमध्ये कंजुषी करू नये.

महावितरणाच्या शेतीवाहिनीवर त्रिफेज वीज चक्राकार पद्धतीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास देण्याची वहिवाट आहे, आणि रानातील ज्या वस्त्या या वाहिनीवर आहेत त्यांना उरलेल्या वेळी मिळणाऱ्या सिंगल फेजवर घर चालवावे लागते. डीपी (रोहित्र) जळाला तर तीही जाते. घंटा, राउटर व लहान नियंत्रक मिळून सुमारे २० वॉट लागतात असे धरले, तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी त्यांना तीन तासांच्या आसपास पुरते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी, पंख्यांचा भार वगळल्यास, दोन-तीन दिवसांची बेगमी करते. तेव्हा ही तीन यंत्रे इन्व्हर्टरच्या वाहिनीवर घेणे हे जोडणीतील पहिले काम समजावे. चित्रमुद्रणाचा हिशेबही सोपा आहे : सेकंदाला ४ मेगाबिट या गतीने अहोरात्र मुद्रण केल्यास दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट होतात, म्हणजे एका टेराबाइटच्या चकतीत तीन आठवडे मावतात. मोबाइलच्या जाळ्यावरून एवढे चित्र रोज बाहेर पाठविणे परवडत नाही, यास्तव मुद्रण घरीच ठेवणे इष्ट. बाहेरून पाहण्यासाठी राउटरमधील दार उघडण्याची जुनी युक्ती मोबाइल कंपन्यांच्या जोडणीवर बहुधा चालत नाही, कारण एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. आणि चालली तरी ती अवलंबू नये. २०१६ साली ‘मिराई’ या घातक आज्ञावलीने मूळचा पासवर्ड न बदललेले लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेऊन जगभर जो उत्पात केला, तो अशाच उघड्या दारांतून. वायरगार्डसारखा खासगी मार्ग हाच सुरक्षित.

नियमांची आखणी : बटण दाबल्यावर प्रथम घरातील मोठ्या आवाजाची घंटा वाजावी, ओसरीचा दिवा लागावा, आणि टीव्ही चालू असेल तर त्यावर दाराचे चित्र यावे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्या खोलीतील दिवा दोन-तीनदा लुकलुकावा. यांत्रिक आवाजातील घोषणेपेक्षा घरातल्याच लेकीच्या किंवा नातवाच्या आवाजात मुद्रित केलेले ‘दारात कुणीतरी आलंय’ हे वाक्य वृद्धांना लवकर उमगते व दचकवीत नाही. अर्ध्या मिनिटात कोणीच उत्तर दिले नाही, तर मग पुण्याच्या मुलाचा मोबाइल वाजावा. हा क्रम उलटा ठेवला, तर शंभर किलोमीटरवरील मुलगा दारातल्या माणसाशी परस्पर बोलून त्याला वाटेला लावतो, आणि घरातील आईवडिलांना आपल्या दारी कोण येऊन गेले हे संध्याकाळी कळते. ज्यांचे घर त्यांची मुखत्यारी अशा रीतीने नकळत काढून घेणे योग्य नव्हे.

दार उघडण्याचा हुकूम स्वयंचलनाच्या कक्षेबाहेर ठेवावा. सपाट चित्रावरून चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला छायाचित्र दाखवून फसविता येते. शिवाय कडी-कोयंड्याच्या फाटकाला विद्युत्-कुलूप नीट बसतही नाही. कुलूप उघडायचेच असेल तर चित्र पाहून, माणसाने, हेतुपूर्वक उघडावे. हाच विवेक ग्रामसुरक्षा यंत्रणेच्या बाबतीत पाळावा. पुणे ग्रामीण पोलिसांनी गावोगावी राबविलेल्या या यंत्रणेत नोंदविलेल्या मोबाइलवरून एका टोल-फ्री क्रमांकावर दिलेला निरोप गावातील सर्वांच्या फोनवर त्याच आवाजात तत्काळ वाजतो. चोरी, आग, बिबट्याचा वावर अशा प्रसंगी तिचा मोठा उपयोग. हालचाल दिसताच डोअरबेलने आपण होऊन तो क्रमांक लावावा अशी जोडणी करणे यंत्राला अशक्य नाही, पण एका भटक्या कुत्र्यापायी मध्यरात्री सारा गाव उठला, की दुसऱ्या वेळी खऱ्या हाकेलाही कोणी उठणार नाही. वर्दी यंत्राने द्यावी, हाक माणसाने.

हालचालीच्या सूचनांना स्थानिक पंचांगाची जोड लागते. ऊसतोडीच्या हंगामात पहाटेपासून बैलगाड्या व ट्रॅक्टर रस्त्याने जातात. आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला येते, तेव्हा मार्गावरील घरांच्या ओसऱ्या वारकऱ्यांनी भरून जातात. त्या दिवसांपुरती माणूस दिसल्याची सूचना थांबवून केवळ बटणाची वर्दी चालू ठेवणारी एक निराळी कळ नियंत्रकात करून ठेवावी. पाणी मागायला आलेल्या माळकऱ्यांची चित्रे दिवसभर मुद्रित करीत राहण्याचे काही प्रयोजन नाही.

शेजार व कायदा : घरगुती कारणासाठी व्यक्तीने बाळगलेली माहिती २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, तथापि २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे, आणि स्त्रीच्या खासगी कृतीचे चित्रण भारतीय न्यायसंहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. भाऊबंदांची घरे एकाच अंगणात असलेल्या ठिकाणी चुलत्याची ओसरी व न्हाणी चौकटीबाहेर राहील असा कॅमेऱ्याचा कोन बांधावा, आणि कॅमेऱ्यातील झाकण्याची सोय वापरून उरलेला भाग काळा करावा. बांधावरून आधीच तंटे असलेल्या घरांत हे काम घंटा लावण्याच्या दिवशीच, दोन्हीकडच्या माणसांसमक्ष उरकणे शहाणपणाचे.

चोरीचा तपास लागून मुद्रण न्यायालयात दाखल करावयाचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये त्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, व त्यात त्या दस्तऐवजाचे हॅश-मूल्य, म्हणजे त्याची ओळख पटविणारा संगणकीय ठसा, नमूद करावे लागते. यासाठी मूळ नोंद जशीच्या तशी निराळ्या चकतीवर उतरवून ठेवावी. मोबाइलवरून व्हॉट्सॲपने फिरलेली प्रत आकुंचित होते व तिचे हॅश-मूल्य मुळाशी जुळत नाही. घंटेचे घड्याळ इंटरनेटवरून वेळ मिळवीत असल्याने जोडणी बराच काळ बंद राहिली तर ते मागेपुढे होते, म्हणून स्वतःचे बॅटरीवरील घड्याळ असलेला नियंत्रक घेऊन घंटेला वेळ त्याच्याकडूनच पुरवावी.