सर्वांत भारी गाडी कोणती?

बारावीच्या वर्गात मोटरसायकलींचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो : सर्वांत भारी गाडी कोणती? मग इंजिनाचे सी.सी., अश्वशक्ती आणि कमाल वेग यांच्या आकड्यांची देवाणघेवाण सुरू होते. न्यूटनचा दुसरा नियम विचारल्यावर खाली मान घालणाऱ्या मुलालाही हे आकडे तोंडपाठ असतात. या आवडीचा वर्गात चांगला उपयोग करून घेता येईल. वेगवान मोटरसायकलींचा १९६९ ते २००० या काळातला इतिहास म्हणजे याच प्रश्नाला अभियंत्यांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. गमतीचा भाग असा, की 'भारी' गाडीच्या शोधात निघालेले हे लोक अखेर हलक्या गाडीपाशी येऊन पोचले.

शक्तीचा मार्ग

१९६९ साली होंडा कंपनीने 'सीबी ७५०' ही मोटरसायकल बाजारात आणली. तोपर्यंत मोठ्या मोटरसायकली म्हणजे प्रामुख्याने इंग्लंडमधल्या दोन सिलिंडरच्या गाड्या. होंडाच्या या गाडीत एका ओळीत बसवलेले चार सिलिंडर, ७३६ सी.सी.चे इंजिन आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. शक्ती ६७ अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर.

इतर जपानी कंपन्यांनी हाच मार्ग धरला. इंजिने मोठी होत गेली, प्रत्येक सिलिंडरमागे दोनाऐवजी चार झडपा आल्या, हवेऐवजी पाण्याने इंजिन थंड ठेवता येऊ लागले. १९८४ साली आलेल्या कावासाकीच्या 'जीपीझेड ९०० आर' या गाडीत हे सगळे एकत्र आले होते. ९०८ सी.सी.च्या इंजिनातून ११५ अश्वशक्ती मिळत होती आणि वेग ताशी सुमारे २४३ किलोमीटरपर्यंत जात होता.

येथे थांबून मुलांना एक प्रश्न विचारावा. शक्ती ६७ वरून ११५ झाली, म्हणजे सुमारे ७२ टक्के वाढली. मग वेग फक्त २१-२२ टक्केच का वाढला?

वाऱ्याचा हिशेब

सपाट रस्त्यावर फार वेगाने जाणाऱ्या गाडीची बहुतेक सगळी शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा असेल, तर शक्ती आठपट लागेल. उलट बाजूने पाहिले तर शक्ती दुप्पट केली, तरी वेग जेमतेम २६ टक्के वाढेल, कारण २ चे घनमूळ १.२६ आहे.

आता आपले आकडे तपासू. ११५ भागिले ६७ म्हणजे १.७२. त्याचे घनमूळ सुमारे १.२. दोनशेला १.२ ने गुणले की २४० येतात. प्रत्यक्षात २४३ होते. कंपन्यांच्या माहितीपत्रकातला आकडा आणि पाठ्यपुस्तकातला नियम इतके जवळ आलेले पाहून विद्यार्थ्यांना गंमत वाटेल.

हाच हिशेब पुढे नेऊ. १९९९ साली सुझुकीची 'हायाबुसा' आली. इंजिन १२९९ सी.सी., शक्ती सुमारे १७५ अश्वशक्ती. कावासाकीशी तुलना केली तर घनाच्या नियमाने वेग सुमारे २८० यायला हवा. पण चाचण्यांमध्ये ही गाडी ताशी ३०० च्या पुढे गेली आणि एका चाचणीत ३१२ पर्यंत पोचली. नियम चुकला का? नाही. वाऱ्याचा विरोध वेगाप्रमाणेच गाडीच्या आकारावरही अवलंबून असतो. हायाबुसाचे बाह्य आवरण वारा सहज मागे सरकेल असे घडवलेले होते. ३१२ भागिले २८० याचा घन सुमारे १.३८ येतो. म्हणजे आधीच्या आकाराच्या गाडीला हाच वेग गाठायला ३८ टक्के जास्त शक्ती लागली असती. 'हायाबुसा' या जपानी शब्दाचा अर्थ बहिरी ससाणा, हे नाव अगदी सार्थ म्हणावे लागेल.

हलकेपणाचा मार्ग

यापूर्वीच काही अभियंत्यांनी वेगळी वाट धरली होती. सुझुकीने १९८५ साली 'जीएसएक्स-आर ७५०' ही गाडी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर बांधून बरेच वजन वाचवले होते. पण या वाटेवरचे सर्वांत गाजलेले नाव म्हणजे १९९२ ची होंडा 'फायरब्लेड' आणि तिच्या विकासाचे प्रमुख तादाओ बाबा.

त्या काळी सुपरबाइक शर्यतींत चार सिलिंडरच्या गाडीला ७५० सी.सी.ची मर्यादा होती. त्यामुळे कंपन्या शर्यतीसाठी ७५० ची गाडी आणि रस्त्यासाठी हजार किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची गाडी बनवत. फायरब्लेडचे इंजिन होते ८९३ सी.सी.चे. ते शर्यतीच्या नियमात बसत नव्हते आणि मोठ्या गाड्यांइतके मोठेही नव्हते. शक्ती १२० च्या थोडी वर. इंधन, तेल वगैरे न भरता मोजलेले वजन मात्र केवळ १८५ किलो.

तेव्हाची तिची प्रतिस्पर्धी यामाहाची 'एफझेडआर १०००'. शक्ती सुमारे १४५ अश्वशक्ती, कोरडे वजन सुमारे २०९ किलो. भागाकार करून पाहा. दर किलोमागची शक्ती यामाहाचीच थोडी जास्त येते. तरीही वळणावळणाच्या रस्त्यावर फायरब्लेडला जाणकारांनी डोक्यावर घेतले. माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून हे समजत नाही, त्यासाठी वळणाचे गणित पाहावे लागते.

वळण घेताना मोटरसायकल आत कलते. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ७२ किलोमीटर वेगाने जायचे तर ती सुमारे ४५ अंशांनी कलावी लागते. या कोनाच्या सूत्रात वेग, त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण असते, वस्तुमान नसते. म्हणजे जड गाडी आणि हलकी गाडी सारख्याच कलतात. मग फरक कोठे पडतो? उजवीकडे कललेली गाडी डावीकडे कलवताना. गाडीला असे फिरवण्याला होणारा विरोध वजनावर अवलंबून असतोच, शिवाय ते वजन मध्यापासून किती दूर आहे त्याच्या वर्गावरही असतो. दाराच्या कडेला हात लावून दार ढकलणे सोपे असते; पण दाराच्या कडेलाच वजन टांगले, तर तेच दार जड जाते. बाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीचे जड भाग शक्य तितके मध्याजवळ आणले. भारी इंजिनाला उत्तर सापडले ते वजनाच्या मांडणीत.

पुढच्या सहा वर्षांत ही दृष्टी सर्वमान्य झाली. १९९८ च्या यामाहा 'आर १' मध्ये गिअरपेटीचे दांडे एकामागे एक न ठेवता एकावर एक रचले होते. त्यामुळे इंजिनाची लांबी घटली. ९९८ सी.सी., १५० अश्वशक्ती आणि कोरडे वजन १७७ किलो. शक्ती आणि हलकेपणा यांत निवड करण्याची गरज तिने बरीच कमी केली.

शर्यत कोठे थांबली?

१९९९ नंतर कमाल वेगाची स्पर्धा अचानक थंडावली. हे विज्ञानाच्या मर्यादेमुळे झाले नाही. युरोपात कायद्याने बंधन येईल या धास्तीने मोठ्या कंपन्यांनी आपसात अलिखित समझोता केला आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग ताशी ३०० च्या आत रोखायचे ठरवले. २००० साली आलेली कावासाकीची 'झेडएक्स १२ आर' हा रोध घेऊनच बाजारात उतरली.

या धास्तीला भौतिकशास्त्राचा भक्कम आधार होता. कोरड्या चांगल्या रस्त्यावर मोटरसायकलीचा वेग दर सेकंदाला सेकंदाला जास्तीत जास्त ९ मीटर किंवा थोडा अधिक, एवढाच कमी करता येतो. त्याहून जोरात ब्रेक लावला, तर चाक घसरते किंवा मागचे चाक उचलले जाते. इंजिन किती अश्वशक्तीचे आहे, याचा येथे काही संबंध नाही. शिवाय धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. ताशी ६० ला थांबण्याचे एकूण अंतर सुमारे ३२ मीटर येते आणि ताशी १२० ला ९५ मीटर. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. १९६९ पासून इंजिने अडीच-तीनपट शक्तिमान झाली, पण माणसाचा तो एक सेकंद तेवढाच राहिला.

आपल्याकडे हायाबुसा घरोघरी माहीत झाली ती २००४ च्या 'धूम' चित्रपटामुळे. पण वर्गात सांगण्यासारखी गोष्ट पुण्याजवळच्या चाकणची आहे. बजाजच्या तेथील कारखान्यात तयार होणारी केटीएम 'ड्यूक ३९०' २०१३ साली आली. एकच सिलिंडर, ३७३ सी.सी., सुमारे ४३ अश्वशक्ती, कोरडे वजन १३९ किलो. दर किलोमागे ०.३१ अश्वशक्ती. १९६९ च्या होंडाचे कोरडे वजन सुमारे २१८ किलो होते, तिचाही भागाकार ०.३१ च येतो. एके काळी जगाला थक्क करणारी क्षमता आता आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात येऊ शकते.

या गाडीत एक गोष्ट मात्र होंडापेक्षा नवी होती : जोरात ब्रेक लावल्यावरही चाक अडकू न देणारी यंत्रणा, अर्थात एबीएस. मोटरसायकलीत ती प्रथम १९८८ साली बीएमडब्ल्यूने बसवली. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना ती सक्तीची झाली.

तेव्हा 'सर्वांत भारी गाडी कोणती' असे कोणी विचारले, तर फळ्यावर तीन रकाने आखावेत : शक्ती, वजन आणि थांबण्याचे अंतर. पहिले दोन मुले स्वतःच भरतील. तिसरा रकाना कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापलेला नसतो. तो त्यांच्याकडून गणित करवून भरून घ्यावा.