कान, डोळे आणि ‘साठी बुद्धी नाठी’

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आजोबांना विचारलं एक आणि त्यांनी उत्तर दिलं भलतंच, की आपण ती लगेच वापरतो. पण त्यांना प्रश्न समजला नाही, की नीट ऐकूच आला नाही? इंद्रियं आणि बुद्धी यांचं नातं काय, हा प्रश्न गेली १४० वर्षं पुन्हा पुन्हा विचारला गेलाय, आणि उत्तर दर वेळी बदललंय. आज आपण तोच इतिहास पाहू.

सुरुवात १८८४ ची. लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये आरोग्य प्रदर्शन भरलं होतं. तिथे फ्रान्सिस गाल्टननं एक प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स द्यायचे आणि नजर, कान, मुठीची ताकद वगैरे मोजून घ्यायची. ९,३३७ माणसांची मोजमापं जमली. गाल्टनचा विचार साधा होता: जगाची माहिती इंद्रियांतूनच आत येते, मग ज्याची इंद्रियं तल्लख त्याची बुद्धीही तल्लख असणार.

१९०१ मध्ये क्लार्क विस्लर यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या अशा चाचण्या आणि त्यांचे परीक्षेतले गुण ताडून पाहिले. संबंध जवळजवळ शून्य! कल्पना बाजूला पडली. आता मागे वळून पाहिलं तर अडचण दिसते. तपासलेली सगळी मुलं तरुण आणि निवडून आलेली होती. म्हातारपणी काय होतं, हे त्यातून कळणारच नव्हतं.

ते कळलं बर्लिनमध्ये. १९९४ साली उलमान लिंडेनबर्गर आणि पॉल बाल्टेस यांनी ७० ते १०३ वर्षांच्या १५६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयानुसार बुद्धीच्या चाचण्यांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे ९३ टक्के फरक नजर आणि श्रवण या दोनच मोजमापांशी जुळत होता. यावरून ‘समान कारणा’ची कल्पना पुढे आली: मेंदूच थकतोय, आणि ते डोळ्यांत, कानांत आणि बुद्धीत एकदमच दिसतंय.

इथे आपण जरा थांबू या. हा अभ्यास एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचा होता. वयाबरोबर केस पिकतात आणि गुडघेही दुखतात, म्हणून केसांमुळे गुडघे दुखतात असं होत नाही. त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासायला हवं.

तसं काम बाल्टिमोरमध्ये चालू होतं. २०११ मध्ये फ्रँक लिन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ६३९ जणांची माहिती मांडली. सुरुवातीला कुणालाच डिमेन्शिया नव्हता. सुमारे बारा वर्षांत ५८ जणांना तो झाला. ऐकणं थोडं कमी असलेल्यांत धोका अंदाजे दुप्पट, मध्यम कमी असलेल्यांत तिप्पट आणि फारच कमी असलेल्यांत पाचपट होता.

असं का, याची आणखी दोन स्पष्टीकरणं दिली जातात. एक, अस्पष्ट शब्द जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते, लक्षात ठेवायला उरत नाही. दुसरं, ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून, समारंभांतून अंग काढून घेतो आणि एकटा पडतो.

मग श्रवणयंत्र दिलं तर? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली आणि २०२३ मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर फायदा दिसला नाही. पण ज्यांना आधीपासूनच धोका जास्त होता, त्या गटात बुद्धीची घसरण सुमारे ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे यंत्र हा रामबाण उपाय नाही, पण निरुपयोगीही नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगानं टाळता येण्याजोग्या धोक्यांच्या यादीत श्रवणासोबत नजरही घातली.

आपल्या घरांत चष्मा सहज लागतो, श्रवणयंत्राची मात्र लाज वाटते. तेव्हा आजोबांची बुद्धी नाठी झाली असं ठरवण्याआधी त्यांच्यासमोर बसून, चेहरा दिसेल असं, तोच प्रश्न सावकाश पुन्हा विचारू या. आणि कान-डोळे तपासून घेऊ या. स्मरणशक्तीची चाचणी त्यानंतर.

आता तुमचे प्रश्न घेऊ.