पाउल प्रॉइसचा मृत्यु व ‘मेखांचा वाद’

(१)

कड्यावरून पडून एक मनुष्य मेला, एवढेंच सांगितलें तर ती वार्ता होते. मागें राहिलेल्यांनीं त्या मरणाचा अर्थ काय लावला, तो कोणत्या हेतूनें लावला आणि समकालीन कागदांच्या कसोटीस तो उतरतो कीं नाहीं, हें पाहूं लागलें म्हणजे त्या वार्तेचा इतिहास होतो. प्रस्तुत लेखांत अशाच एका मरणाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ता. ३ ऑक्टोबर १९१३ रोजीं ऑस्ट्रियांतील गोसाउकाम नामक डोंगररांगेंत, मांडल्कोगेल शिखराच्या उत्तर धारेवर, दोरावांचून एकटाच चढत असतां पाउल प्रॉइस हा २७ वर्षांचा गिर्यारोहक खालीं कोसळून मरण पावला. त्या काळच्या आल्प्समधील आरोहकमंडळींत याच्याइतका नांवाजलेला व याच्याइतका वादग्रस्त पुरुष दुसरा क्वचितच असेल.

या मृत्यूविषयीं रूढ झालेली समजूत अशी : प्रॉइसनें दोराचा व लोखंडी मेखांचा सर्वस्वीं निषेध केला; तो वाद चालू असतांच दैवानें त्यास उत्तर दिलें; आणि तें उत्तर प्रमाण मानून आरोहकांनीं मेखा स्वीकारल्या. हीं तीन विधानें परस्परांत इतकीं चपखल बसतात कीं, तेवढ्यावरूनच संशोधकास शंका यावी. त्यांची एकेक करून परीक्षा करूं.

(२)

या प्रकरणाचीं साधनें तीन थरांचीं आहेत. पहिला थर १९११ व १९१२ या सालीं जर्मन नियतकालिकांत छापलेल्या लेख-प्रतिलेखांचा. हे लिहितांना लेखकांस पुढील घटना ठाऊक नव्हती, हेंच या थराचें मोल होय. दुसरा थर मृत्यूनंतर लगोलग निघालेल्या स्मरणलेखांचा. यांतील तारखा विश्वसनीय, परंतु गुणदोषविवेचन शोकानें रंगलेलें. तिसरा थर उत्तरकालीन आठवणी व चरित्रें यांचा. बखरकारास शेवट अगोदरच ठाऊक असतो आणि त्या शेवटाकडे तो मागील प्रसंगांचा ओघ वळवितो. तोच दोष या थरांतहि पुष्कळ ठिकाणीं आढळतो. म्हणून जेथें पहिला व तिसरा थर यांत विरोध येतो, तेथें आम्हीं पहिल्यास प्रमाण मानिलें आहे.

(३)

प्रॉइसचा जन्म ता. १९ ऑगस्ट १८८६ रोजीं आल्टआउसी या गांवीं झाला. बाप हंगेरीकडील यहुदी, व्यवसायानें संगीतशिक्षक. बालपणीं एका दुखण्यानें मुलाचे पाय लुळे पडले होते; व्यायाम व डोंगरांतील भटकंती यांच्या योगानें तो पुन्हां चालूं लागला. तो दहा वर्षांचा असतांना बाप वारला. पुढें व्हिएन्ना व म्युनिक येथें वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करून त्यानें डॉक्टर ही पदवी मिळविली. आयुष्यांत त्यानें सुमारें १२०० चढाया केल्या व त्यांपैकीं सुमारें ३०० एकट्यानें केल्या, अशी गणना त्याचे चरित्रकार देतात.

१९११ सालचा जुलै महिना या कथेंत फार महत्त्वाचा आहे. व्हिल्डर कायझर भागांतील टोटनकिर्खलच्या ज्या पश्चिम भिंतीवर १९०८ सालीं टीटा पियाझ हा इटालियन भाषिक वाटाड्या आपल्या सोबत्यांसह प्रथम चढला होता, तीच भिंत प्रॉइस एकट्यानें चढून गेला. पाठोपाठ ता. २८ जुलै रोजीं ब्रेंटा पर्वतांतील कांपानीले बासो या सुळक्याची पूर्व भिंत त्यानें सुमारें दोन तासांत, दोर न बांधतां, पहिल्यानेंच सर केली. हा सुळका २,८८३ मीटर उंचीचा. त्याच्या माथ्यावर १८९९ सालीं आम्पफेरर व बेर्गर यांनीं पहिलें पाऊल ठेविलें होतें. पण या भिंतीनें कोणी गेलें नव्हतें. पायथ्याशीं प्रॉइसची बहीण मिना व मित्र पाउल रेली हीं दोघें होतीं. म्हणजे या पराक्रमास प्रत्यक्ष साक्षीदार होते. दोन वर्षांनंतरच्या मृत्यूस मात्र एकहि साक्षीदार नव्हता, हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

(४)

यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १९११ मध्यें, ‘डॉइचे आल्पेनत्साइटुंग’ या नियतकालिकांत गिर्यारोहणांतील कृत्रिम साधनांवर प्रॉइसचा लेख प्रसिद्ध झाला आणि ज्यास ‘मेखांचा वाद’ म्हणतात तो सुरू झाला. वादाचें मर्म कळण्यास त्या काळचीं साधनें कशीं होतीं हें पाहिलें पाहिजे. दोर तागासारख्या वाखाचा वळलेला असे व तो सरळ कंबरेस बांधीत. मागून येणारा घसरला तर वरच्यास तो सांवरतां येई. परंतु पुढें चढणारा पडला तर बहुधा दोर तुटे, अथवा खालचाहि ओढला जाई. म्हणून पुढच्यानें पडूंच नये, हा सर्वमान्य दंडक होता. अशा वेळीं खडकाच्या भेगेंत ठोकावयाची, डोळा असलेली नवी मेख व तिच्यांत दोर अडकविण्याची कडी हीं नुकतींच प्रचारांत आलीं. हान्स फीश्टल व ओटो हेर्झोग यांचीं नांवें या सुधारणेशीं जोडलेलीं आहेत. आजवर अशक्य वाटलेल्या भिंती यामुळें शक्यतेच्या कक्षेंत आल्या.

प्रॉइसचें म्हणणें सारांशरूपानें असें होतें : चढणाराची योग्यता चढाईच्या बरोबरीची असून भागत नाहीं, ती तिच्याहून वरचढ असावी. जेथून कृत्रिम साहाय्यावांचून निर्धास्तपणें उतरतां येईल, तेथवरच चढावें. मेख ही संकटकाळची राखीव शिबंदी होय. तिच्यावर रोजच्या मोहिमेची उभारणी करूं नये. दोर सोईसाठीं वापरण्यास हरकत नाहीं, पण सर्व भिस्त त्याच्यावर ठेवूं नये. सुरक्षितता हें परमश्रेष्ठ तत्त्व आहे. मात्र ती आपल्या शक्तीच्या अचूक अंदाजांतून आली पाहिजे.

हें वाचल्यावर पहिल्या विधानाचा निकाल लागतो. दोर त्यानें वर्ज्य केला नव्हता व मेखेसहि संकटकाळीं मुभा ठेविली होती. रेलीबरोबर तो दोर बांधून अनेक वेळां चढला आहे. ‘दोराचा वैरी’ ही त्याची प्रतिमा उत्तरकालीन आहे.

प्रतिपक्षहि तोलाचा होता. पियाझ हा दोराच्या युक्त्यांत निष्णात. १९०६ सालीं एका सुळक्यावर त्यानें शेजारच्या शिखरावरून दोर फेंकून वाट काढली होती. फ्रांझ नीबर्ल हा खडकारोहणावरील १९०९ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाचा कर्ता. या मंडळींच्या आक्षेपाचा गाभा असा कीं, ज्या साधनानें एक जीव वांचतो त्यास कमीपणा आणणें योग्य नव्हे. प्रॉइसची शक्ति थोड्यांपाशीं असते, पण त्याचें अनुकरण करूं पाहणारे पुष्कळ निघतील. हा आक्षेप हलका नव्हता, आजहि नाहीं. जानेवारी १९१२ मध्यें म्युनिक येथें आल्पाइन क्लबच्या बव्हेरियन शाखेंत दोन्ही पक्षांची समोरासमोर चर्चा झाली. तींत मतैक्य झालें नाहीं. परंतु व्यवहारांत काय झालें तें स्पष्ट आहे. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत हान्स ड्युल्फर व शार्श्मिट यांनीं फ्लाइशबांकची पूर्व भिंत मेखा व दोराचे झोके यांच्या बळावर सर केली व तरुण पिढी त्या वाटेनें निघाली.

तेव्हां कालक्रम असा लागतो : लेख, ऑगस्ट १९११, म्युनिकची चर्चा, जानेवारी १९१२, मेखांचा गाजलेला विजय, उन्हाळा १९१२, प्रॉइसचा मृत्यु, ऑक्टोबर १९१३. वादाचा भर ओसरून दीड वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर हा मृत्यु घडला आहे. मेखा स्वीकारण्याचें कारण म्हणून तो पुढें करणें म्हणजे कार्यास कारणाच्या आधीं बसविणें होय. रूढ समजुतीचीं दुसरें व तिसरें हीं दोन्ही विधानें केवळ तारखांनींच निकालांत निघतात.

(५)

या दोन टोकांच्या मध्यें आणखी एक दुर्घटना आहे व रूढ कथेंत ती बहुधा गाळली जाते. ता. १५ ऑगस्ट १९१२ रोजीं मों ब्लां पर्वताच्या दक्षिण अंगास, मों रूज द प्यूतेरे या शिखरावर, प्रॉइसबरोबर तिघें होतीं : केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ हंफ्री ओवेन जोन्स, त्यांची पत्नी म्यूरिअल आणि वाटाड्या ज्यूलियस ट्रुफर. जोन्स त्याच वर्षीं रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले होते. पतिपत्नींचा विवाह होऊन पंधरवडाच झाला होता. हीं तिघें एका दोरांत बांधलेलीं होतीं, प्रॉइस मोकळा पुढें होता. ट्रुफरच्या हातांतला खडक निखळला, तो जोन्स यांच्यावर कोसळला व दोरानें तिघांसहि खालच्या हिमनदींत ओढून नेलें. प्रॉइसच्या डोळ्यांदेखत हें घडलें. तो वांचला, कारण तो त्या दोरांत नव्हता. आणि ही बातमी घेऊन एकट्यानें खालीं उतरण्याची पाळी त्याच्यावर आली.

एका पडण्यानें सिद्धांत ठरत असेल, तर या दिवशीं दोराचा सिद्धांत खोटा ठरावयास हवा होता. तसें कोणीं म्हटलें नाहीं, आणि तें योग्यच केलें. निखळलेल्या दगडानें दोराविरुद्ध साक्ष दिली असें मानणें जितकें अविचाराचें, तितकेंच मांडल्कोगेलनें प्रॉइसविरुद्ध साक्ष दिली असें मानणें अविचाराचें आहे. साक्षीचा नियम दोन्ही ठिकाणीं एकच लावला पाहिजे.

(६)

मांडल्कोगेलच्या घटनेंत निश्चित तें इतकेंच : प्रॉइस एकटा गेला, धार तोंवर कोणीं चढलेली नव्हती, तो ३०० मीटरांहून अधिक खोल पडला, शोधास निघालेल्यांस कांहीं दिवसांनीं त्याचें प्रेत नव्या बर्फाखालीं सांपडलें, आणि आल्टआउसी येथें त्याचें दफन झालें. साक्षीदार नसल्यामुळें दगड निखळला, पाऊल चुकलें, कीं अंदाज चुकला, हें त्या कड्याखेरीज कोणासच ठाऊक नाहीं. तथापि प्रॉइसच्या भक्तांसहि येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. जेथून निर्धास्तपणें उतरतां येईल तेथवरच चढावें, हा नियम त्याचा स्वतःचाच होता. कुजक्या खडकाचा अंदाज कितीहि अचूक असला तरी तो अंदाजच असतो. आणि दोरावांचून चढणाऱ्यास त्या अंदाजांतील एक चूकहि दुरुस्त करण्यास अवसर मिळत नाहीं. त्याच्या तत्त्वाची उंची व त्याची किंमत हीं दोन्ही या एकाच वाक्यांत आहेत. पहिली सांगून दुसरी लपविणारे त्याचे मित्र नव्हेत.

प्रतिपक्षाचें वर्तन येथें नमूद करण्याजोगें आहे. पियाझ हा वादांतला कडवा प्रतिस्पर्धी. पण व्हायोलेट खोऱ्यांत आपण उभारलेल्या आश्रयगृहास त्यानें प्रॉइसचें नांव दिलें. तें आजहि तेथें आहे. मतभेद कायम ठेवून मृताचा मान राखण्याचा याहून चांगला दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं. हाच पियाझ आयुष्यभर कड्यांवर वावरून १९४८ सालीं सायकलवरील अपघातानें वारला. त्यावरून सायकलीविरुद्ध सिद्धांत काढण्याचें मात्र कोणास सुचलें नाहीं.

(७)

मग प्रॉइसचें नांव पुढें इतकें मागें कां पडलें? याचीं कारणें कड्यावर शोधून सांपडणार नाहींत. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें व वादांतील पिढीच त्यांत होरपळली. ड्युल्फर १९१५ सालीं आरासजवळ रणांगणावर पडला. युद्धानंतर १९२१ सालीं आल्पाइन क्लबच्या ‘ऑस्ट्रिया’ शाखेनें केवळ आर्यवंशीयांसच सभासद करण्याचा नियम केला. यहुदी सभासदांनीं स्थापिलेली ‘डोनाउलांड’ शाखा १९२४ सालीं क्लबाबाहेर घालविण्यांत आली. प्रॉइसनें १९०९ सालींच प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला होता. पण वंश पाहणाऱ्यांस त्याचें काय? नाझी राजवटींत तर त्याचें नांव घेणेंच अडचणीचें झालें. अशा काळांत ‘तो आपल्याच तत्त्वानें मेला’ हें वाक्य फार सोईचें होतें. विस्मरणाचें खरें कारण त्यानें झांकलें जाई. रूढ समजूत टिकली ती पुराव्याच्या बळावर नव्हे, सोईच्या बळावर, असें आमचें मत आहे.

पुढें वारें फिरलें. १९६८ सालीं राइनहोल्ड मेसनर यांनीं खडकास भोंकें पाडून खिळे बसविण्याच्या रीतीविरुद्ध लेख लिहिला. १९८६ सालीं त्यांनीं प्रॉइसवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. २०१९ सालीं डेव्हिड स्मार्ट यांचें विस्तृत इंग्रजी चरित्र निघालें. या पुनरुद्धारानें मूळ लेखांकडे लक्ष गेलें हा मोठा लाभ. पण एका टोकाची उपेक्षा जाऊन दुसऱ्या टोकाची पूजा येण्याचा धोकाहि त्याबरोबर आला आहे.

(८)

निष्कर्ष सांगतों. मेखांचा वाद प्रॉइसच्या मरणानें सुटला नाहीं. तो त्याच्या हयातींतच व्यवहारानें एका बाजूस झुकला व तत्त्वतः आजहि उघडा आहे. त्याचें मरण हा त्या वादांतील पुरावा नव्हे. तें एका तरुण, विद्वान व धाडसी माणसाचें मरण आहे आणि तेवढ्यानेंच तें दुःखाचें आहे. दोरावांचून चढणारे आजहि पडतात, आणि प्रत्येक पडण्याबरोबर निंदा व स्तुति यांचीं तींच दोन तयार वाक्यें पुढें केलीं जातात. मागें राहिलेल्यांचें पहिलें कर्तव्य घडलें तें तारीखवार नोंदविणें हें होय. अर्थ मागाहून लावतां येतो, हरवलेली तारीख मागाहून आणतां येत नाहीं.

आमच्या संग्राहक वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, जुन्या नियतकालिकांचे असे सुटे अंक हातीं आल्यास त्यांतील स्मरणलेख तेवढा कापून ठेवूं नये. मागचे वादाचे अंकहि त्याबरोबर जपावे. एक स्मरणलेख हातीं असला म्हणजे मनुष्य कसा गेला तें कळतें. तो काय म्हणत होता हें कळण्यास मागचे अंक लागतात.