लाल टोपणाची सिरिंज

अण्णा, वय ६८. गोळ्यांनी भागेना म्हणून सहा महिन्यांपूर्वी ३०/७० मिक्स इन्सुलिन सुरू झालं, पेनमधून. सकाळी २०, संध्याकाळी १६ युनिट. तरी साखर २५०च्या खाली येईना. घरात रोज तोच विषय.

रविवार, संध्याकाळी ७.१५ : जेवणाआधीची साखर २८६. पेनचं बटण अडकलंय. सुई बदलली, तरी ढिम्म.

७.४० : मुलगा नाक्यावरच्या मेडिकलमध्ये. "इन्सुलिनची सिरिंज द्या." काउंटरवरचा पोरगा लाल टोपणाची देतो. इन्सुलिन कोणतं, हे तो विचारत नाही, मुलगाही सांगत नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. लाल टोपण ४०साठी, केशरी १००साठी.

८.०० : कार्ट्रिजमध्ये सुई घालून मुलगा १६च्या रेघेपर्यंत औषध ओढतो. लाल सिरिंजवर ती रेघ म्हणजे ०.४ मिली, कार्ट्रिजमधलं ०.४ मिली म्हणजे ४० युनिट. अडीचपट! अण्णा स्वतः रोज बेंबीच्या डावीकडे टोचतात, मुलगा उजवीकडे टोचतो.

८.३० : "अहो, एवढी साखर आहे, आज भात नको हं." अर्धी भाकरी, दुधीची भाजी.

१०.१५ : साखर १३८. घर खूश. खरं तर घाबरायची वेळ हीच होती. जेवूनही दोन-सव्वादोन तासांत जवळजवळ दीडशेनं उतरली, आणि मिश्रणातला ७० टक्के संथ भाग अजून जोरात यायचाच होता.

रात्री १२.३० : बनियन घामानं चिंब. काकू पंखा वाढवतात. धडधड नाही, थरथर नाही. रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी ती लक्षणं झाकते. घाम मात्र झाकत नाही. या घटकेला तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली असती, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं असतं, तर पुढचं टळायला वाव होता.

२.१० : अण्णा काहीतरी असंबद्ध बोलतात, काकूंवर खेकसतात. झोपेत बरळताहेत, असं ठरतं.

३.२० : हाकेला ओ नाही. दातखीळ. मीटरवर आकडाच नाही, नुसतं 'लो'. काकू साखरपाण्याचा चमचा तोंडाशी नेतात, सून हात धरते. बरं केलं. बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी फुफ्फुसात उतरू शकतं. १०८ला फोन.

४.०५ : शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, १०० मिली. डोळे उघडतात, पण मुलाला ओळखत नाहीत.

५.४० : साखर पुन्हा ५२. संथ इन्सुलिन अजून काम करतंय. ड्रिप चालू ठेवतात. तपासताना डॉक्टरांच्या बोटांना बेंबीच्या डावीकडे लिंबाएवढी टणक गाठ लागते. सहा महिने एकाच जागी टोचल्यानं चरबी साकळलेली. तिथून इन्सुलिन धड शोषलंच जात नव्हतं. साखर हट्टी नव्हती, जागा चुकत होती. आणि काल नेमकं निरोगी जागी, तेही अडीचपट गेलं.

सोमवार, दुपारी १.०० : अण्णा सुनेला नावानं हाक मारतात. मुक्काम अतिदक्षता विभागात.

तुमच्या घरात पेन असेल, तर दुसरं पेन जवळ ठेवा, डॉक्टरांना टोचायची जागा दाखवा, आणि लाल टोपणाची सिरिंज पडून असेल तर आजच घराबाहेर काढा.