रस्ता पायी चालणाऱ्यांचा

श्रोतेहो, आठवड्याच्या बाजारात ऐन गर्दीत मोटार घुसली म्हणजे काय तारांबळ उडते, हे आपण जाणताच. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील स्ट्रॉयट या बाजाररस्त्याची रोजच तशी गत होई. १९६२ च्या नोव्हेंबरात सुमारे १ किलोमीटरचा तो रस्ता प्रयोग म्हणून मोटारींना बंद केला. दुकानदार हवालदिल झाले. गाडीच नाही, तर गिऱ्हाईक कुठले? अन् थंडीच्या मुलखात उघड्यावर बसून खाणार कोण?

पण झाले उलटेच! माणसे रमतगमत चालू लागली, दुकानांपाशी थबकू लागली, विक्री वाढली. १९६४ मध्ये बंदी कायम झाली. पुढे उपाहारगृहांच्या खुर्च्याही बाहेर आल्या.

गुरुजी, वर्गात हा दाखला जरूर सांगा. गिऱ्हाईक शेवटी दुकानात शिरते ते पायीच!