मढीचे कानिफनाथ आणि तिबेटचा त्रुलखोर



आजचा विषय तिबेटचा आहे, पण सुरुवात पाथर्डी तालुक्यातल्या मढीपासून करू. रंगपंचमीच्या सुमारास तिथे कानिफनाथांची मोठी यात्रा भरते. गडावर नाथांची समाधी, आणि यात्रेतला गाढवांचा बाजार तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तुमच्यापैकी कोणी इंदूरला असेल, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला. पण घरात आजीने नवनाथ भक्तिसाराचं पारायण केलं असेल तर कानिफनाथ तुम्हाला ठाऊक असतात. जालिंदरनाथांचे ते शिष्य.

आता बघा. तिबेटी बौद्ध परंपरेत चौऱ्याऐंशी महासिद्धांची नावं सांगतात. त्यांच्या कथा भारतात लिहिल्या गेल्या, तिबेटी भाषेत गेल्या आणि तिथे टिकल्या. त्या यादीत गोरक्ष आहेत, मीनपा आहेत, जालंधरपा आहेत. आणि जालंधरपांचे शिष्य कोण? कण्हपा, म्हणजे कृष्णाचार्य. ज्यांना आपण कानिफनाथ म्हणतो, त्यांच्याशीच अभ्यासक हे नाव जोडतात. म्हणजे मढीच्या गडावर ज्यांच्या नावाचा गजर होतो, तेच सिद्ध हिमालयापलीकडे मठांच्या चित्रांत बसलेले आहेत.

हे सांगायचं कारण असं, की तिबेटी योग म्हटलं की आपल्याला काहीतरी परकं, गूढ, बर्फातलं वाटतं. प्रत्यक्षात ती आपल्याच घरातून गेलेली आणि दुसऱ्या घरी सांभाळून ठेवलेली ठेव आहे. ती तिकडे कशी गेली, तिचं तिथे काय झालं आणि ती परत कशी आली, हे आज पाहू.

अकराव्या शतकात दक्षिण तिबेटात मार्पा नावाचा एक संसारी माणूस होता. शेतीवाडी, बायकामुलं असलेला. त्याचा काळ साधारण १०१२ ते १०९७. गावोगाव सोनं गोळा करायचं, हिमालय ओलांडून भारतात यायचं, गुरूंकडून विद्या आणि पोथ्या घ्यायच्या आणि परत जाऊन त्यांचं तिबेटी भाषांतर करायचं, हे त्याने परंपरेच्या सांगण्याप्रमाणे तीनदा केलं. तिबेटी लोक त्याला आजही ‘लोत्सावा’ म्हणजे भाषांतरकार म्हणतात. त्याचे गुरू नारोपा. ते एकेकाळचे नालंदेचे पंडित, पुढे तिलोपांचे शिष्य झालेले. नारोपांनी त्याला जी साधना दिली ती ‘नारोपांचे सहा धर्म’ म्हणून ओळखली जाते. तिचा पाया आहे तुम्मो. तुम्मो हा मूळच्या ‘चंडाली’ या संस्कृत शब्दाचा तिबेटी पर्याय. नाभीखालची उष्णता श्वासाने आणि ध्यानाने जागवायची, ही ती साधना.

मार्पाचा शिष्य मिलारेपा. नावातल्या ‘रेपा’चा अर्थच मुळी सुती कापड नेसणारा. तिबेटच्या थंडीत लोकरीशिवाय, एका सुती वस्त्रावर गुहेत राहणारा साधक तो रेपा. ज्याला तुम्मो साधली त्याची ही ओळख.

पण नुसतं बसून ध्यान केल्याने ही उष्णता जागत नाही, असं या परंपरेचं म्हणणं. त्याआधी शरीरातल्या वाटा मोकळ्या हव्यात. त्यासाठी जे व्यायाम आहेत त्यांना तिबेटीत ‘त्रुलखोर’ म्हणतात. याला संस्कृत प्रतिशब्द ‘यंत्र’. म्हणून त्याला यंत्रयोगही म्हणतात. इथे यंत्र म्हणजे पूजेतली आकृती नव्हे. चाकं फिरतात, दट्ट्या सरकतो, तसं शरीर हेच यंत्र.

यामागची कल्पना आपल्याला अनोळखी नाही. ‘त्सा’ म्हणजे नाडी, ‘लुंग’ म्हणजे वायू, ‘थिगले’ म्हणजे बिंदू. मधली एक नाडी आणि डाव्याउजव्या दोन. आपण सुषुम्ना, इडा, पिंगला म्हणतो, तीच मांडणी. तिबेटी गुरू एक दाखला देतात: मन हा पांगळा स्वार आहे आणि वायू हा आंधळा घोडा. घोडा भरकटला की स्वारही भरकटला. मनाला थेट धरता येत नाही, पण श्वासाला धरता येतं. आणि श्वासाला धरायचं तर शरीराची हालचाल त्याच्याशी जुळवून घ्यायची.

हे जुळवणं प्रत्यक्षात कसं असतं? पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे मोठे आचार्य चोंखापा (१३५७ ते १४१९) यांनी नारोपांच्या सहा धर्मांवर ग्रंथ लिहिला. त्यात सहा हालचालींचा क्रम दिला आहे. पहिली, घटासारखा श्वास भरणं. श्वास आत घेऊन नाभीखाली दाबून धरायचा, पोट मडक्यासारखं गोल. हाच आपला कुंभक. कुंभ म्हणजे मडकंच. दुसरी, चाकासारखं पोट आणि कंबर फिरवणं. तिसरी, हात आकड्यासारखे वाकवून छातीशी आणणं. चौथी, हातांची मुद्रा बांधून वर आकाशाकडे उचलणं आणि खाली दाबणं. पाचवी, बाणासारखं सरळ होऊन, ओकारी काढणाऱ्या कुत्र्यासारखा श्वास बाहेर टाकणं. उपमा ऐकून हसू येतं, पण एकदा ऐकली की विसरत नाही, आणि पोटाचा नेमका कोणता स्नायू वापरायचा हे लगेच कळतं. सहावी, डोकं आणि सगळं अंग हलवून सांधे मोकळे करणं.

यात आसनात स्थिर राहण्यापेक्षा हालचालीला महत्त्व आहे. श्वास कधी घ्यायचा, कुठे धरायचा, कधी सोडायचा, हे प्रत्येक हालचालीला ठरलेलं. सगळं रिकाम्या पोटी. सुरुवातीला शिळा वायू बाहेर टाकण्यासाठी नऊ वेळा श्वास सोडायचा. त्रुलखोरच्या कठीण प्रकारांत आणखी एक क्रिया येते, ‘बेब’. पद्मासनात, श्वास आत धरून, उडी घ्यायची आणि मांडी घातलेल्या स्थितीतच जमिनीवर आपटायचं.

हठयोग शिकलेल्यांना इथे काहीतरी आठवेल. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत महावेध नावाची क्रिया आहे. तळहात जमिनीवर टेकून शरीर उचलायचं आणि नितंब हलकेच जमिनीवर आपटायचे. तिथे हलके, तिबेटात जोरात. पण क्रियेची जात एकच. हा योगायोग म्हणायचा का?

त्याचं उत्तर एका जुन्या पोथीने दिलं. ‘अमृतसिद्धि’ हा संस्कृत ग्रंथ. त्यातली शिकवण विरूपा या सिद्धांच्या नावाने सांगितलेली, आणि विरूपा हेही त्याच चौऱ्याऐंशींतले. डोक्यात चंद्र, त्यातून अमृत झरतं. पोटात सूर्य, तो ते जाळतो. हा झरा थांबवायचा, त्यासाठी महामुद्रा, महाबंध आणि महावेध. ही मांडणी पुढे सगळ्या हठयोगात पसरली. पण या ग्रंथाची एक जुनी प्रत सापडली ती द्विभाषिक: संस्कृत आणि तिबेटी शेजारी शेजारी. जेम्स मॅलिन्सन आणि पेटर-डॅनियल सांतो या अभ्यासकांनी २०२१ मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. मॅलिन्सन यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की हठयोगाचा हा आद्य ग्रंथ तांत्रिक बौद्धांच्या वर्तुळात तयार झाला. म्हणजे एकाच झऱ्याचे दोन ओहोळ झाले. एक नाथांकडे गेला, दुसरा तिबेटकडे.

नाथांचा ओहोळ कुठे पोहोचला, ते मराठी माणसाला सांगायला नको. गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर. १२९० च्या ज्ञानेश्वरीतला सहावा अध्याय काढा. मूळबंध, जालंधरबंध, उड्डियानबंध आणि मग कुंडलिनीचं जागणं, सगळं तिथे आहे. ज्ञानेश्वर ज्याला पंथराज म्हणतात तो हा मार्ग. साधारण त्याच काळात तिबेटातल्या गुहांमध्ये मार्पा-मिलारेपांच्या परंपरेतले साधक तुम्मोचा अभ्यास करत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. कारण मधला दुवा तुटला होता. १२०० च्या सुमारास बिहारमधले नालंदा, विक्रमशिला हे विहार उद्ध्वस्त झाले, आणि पोथ्या घेऊन जाणाऱ्या तिबेटी विद्यार्थ्यांची वाट आटली.

तिबेटात मात्र ही विद्या जपली गेली आणि लपवलीही गेली. गुरू शिष्याच्या कानात सांगणार, म्हणून तिला कर्णपरंपरा म्हणत. तीन वर्षं तीन महिन्यांच्या एकांतात बसणाऱ्यांनाच ती शिकवायची. ल्हासात पोताला राजवाड्याच्या मागे तळ्यातल्या बेटावर लुखांग नावाचं देऊळ आहे. लु म्हणजे नाग, खांग म्हणजे घर. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या भिंतींवर योग्यांची चित्रं आहेत: कोणी वाकलेला, कोणी हात ताणलेला, शरीरात नाड्या काढून दाखवलेल्या. ती खोली दलाई लामांच्या एकांतसाधनेची. लोकांसाठी नव्हती.

एवढी गुप्तता कशाला, असा प्रश्न आपल्याला पडतो. सत्ता, मक्तेदारी, हे सगळं त्यात असेलही. पण एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. तिबेटी वैद्यकात वात, पित्त, कफ यांच्यासारखेच तीन दोष आहेत, आणि लुंग म्हणजे वात. चुकीच्या पद्धतीने श्वास कोंडला तर लुंग बिघडतो, असं तिथले वैद्य सांगतात. झोप जाते, छाती धडधडते, मन सैरभैर होतं. जी क्रिया एवढी परिणामकारक, ती पुस्तकात वाचून करायची नाही, हा त्यांचा धडा होता.

मग १९५९ साल आलं. दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागे हजारो माणसं आली. विद्या आता दोनच ठिकाणी उरली होती: आलेल्यांच्या अंगात आणि मागे राहिलेल्यांच्या अंगात. पोथी उचलून आणता येते. पण ‘इथे श्वास धर, इथे सोड’ हे सांगणारा माणूस गेला की पोथी मुकी होते. हिमाचलमध्ये ताशी जोंगला खम प्रांतातून आलेल्या योगी परंपरेने पुन्हा बस्तान बसवलं. सोलनजवळ दोलांजीला बोन धर्माच्या लोकांनी मेनरी मठ उभा केला. त्यांचीही त्रुलखोरची स्वतःची परंपरा आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. आपण हिवाळ्यात ज्यांच्याकडून स्वेटर घेतो, त्या माणसांच्या समाजाने काय काय पाठीवरून आणलं आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

याच काळात नामखाई नोर्बू (१९३८ ते २०१८) हे तरुण अभ्यासक सिक्कीममध्ये, गंगटोकला होते. ते मूळचे पूर्व तिबेटातल्या देर्गे भागातले. १९६० मध्ये इटालियन विद्वान ज्युसेप्पे तुच्ची यांनी त्यांना रोमला बोलावलं. पुढे ते नेपल्सच्या विद्यापीठात तिबेटी आणि मंगोलियन शिकवत. ज्या काकांकडून ते यंत्रयोग शिकले ते मागे तिबेटातच राहिले होते. १९७० च्या दशकात नोर्बूंनी एक निर्णय घेतला: ही विद्या उघडपणे शिकवायची. आठव्या शतकातले भाषांतरकार वैरोचन यांच्या नावाने चालत आलेला ‘सूर्यचंद्र संयोग’ हा ग्रंथ त्यांनी आधार म्हणून घेतला आणि त्यावर भाष्य लिहिलं. त्यांच्या पद्धतीत १०८ हालचाली आहेत, आणि श्वास धरण्याचे पाच वेगवेगळे प्रकार ते शिकवत. त्यांच्यावर टीका झाली नाही असं नाही. पण शिकवलं नाही तर संपेल, आणि शिकवलं तर पातळ होईल, या पेचात त्यांनी दुसरा धोका पत्करला.

विज्ञानानेही दार ठोठावलं. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी धरमशाळेजवळ राहणाऱ्या तीन तुम्मो साधकांची तपासणी केली. १९८२ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले: हातापायांच्या बोटांचं तापमान ८.३ अंश सेल्सियसपर्यंत वाढलं होतं. २०१३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तुम्मोतल्या कुंभकाने शरीराचं आतलं तापमान ३८.३ अंशांपर्यंत गेल्याचं दिसलं. २००४ मध्ये अमेरिकेत लिम्फोमाच्या ३९ रुग्णांवर प्रयोग झाला. सात आठवडे सौम्य तिबेटी योग केलेल्यांची झोप सुधारली. कर्करोग बरा झाला असं कोणी म्हटलेलं नाही. झोप सुधारली, एवढंच. आणि आजाऱ्याला तेही कमी नसतं.

आता शेवटचा मुद्दा. तुम्ही ‘पाच तिबेटी व्यायाम’ हे नाव ऐकलं असेल. रोज २१ वेळा करा आणि तरुण व्हा. त्याचा उगम पीटर केल्डर यांच्या १९३९ च्या एका छोट्या इंग्रजी पुस्तकात आहे. ती कोणत्याही ज्ञात तिबेटी परंपरेत सांगितलेली साधना नाही. व्यायाम म्हणून कोणाला त्याचा फायदा होत असेल तर जरूर करा, पण त्याला तिबेटी म्हणू नका. कारण खऱ्या तिबेटी माणसांनी जी विद्या गुहेत, तुरुंगात आणि निर्वासितांच्या वस्तीत जपली, तिचं नाव आपण भलत्याच गोष्टीला देतो.

शिकायचं असेल तर शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: तुम्ही कोणाकडून शिकलात, आणि ते कोणाकडून? ज्याच्याकडे उत्तर आहे तो दोनतीन नावं सहज सांगेल. हृदयविकार, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर श्वास कोंडण्याच्या वाटेला जाऊ नका. बाकीच्यांनीही हालचाल आणि साधा श्वास जुळवण्यापासून सुरुवात करावी.

आणि कधी मढीला गेलात, तर गडावर क्षणभर थांबा. ज्यांना तुम्ही नमस्कार कराल, त्यांना ल्हासाच्या वाटेवरही कोणीतरी वेगळ्या नावाने नमस्कार करत आलं आहे. साडेसातशे वर्षं मधला डोंगर दोघांना भेटू देत नव्हता. आता ते तिबेटी शेजारी आपल्या जिल्ह्यात राहतात. विचारायला उशीर करू नये.

पुढच्या भागात भेटू.