अँड्रॉइड मुलाखत: फोन आडवा केला की काय होतं?

बारामती-इंदापूरहून पुण्याला अ‍ॅप डेव्हलपरच्या मुलाखतीला निघालात, तर हा प्रश्न पक्का करून जा. फोन आडवा केला की अँड्रॉइड एरवी चालू अ‍ॅक्टिव्हिटी बंद करून नवी बनवतं: ऑनपॉज, ऑनस्टॉप, ऑनडिस्ट्रॉय, मग पुन्हा ऑनक्रिएट. साध्या व्हेरिएबलमधला डेटा उडतो, व्ह्यूमॉडेलमधला टिकतो.

पुढचा प्रश्न अडकवणारा असतो. मेमरी कमी पडून सिस्टिमने अख्खं अ‍ॅपच बंद केलं तर? तेव्हा व्ह्यूमॉडेलही जातं. थोडी माहिती ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेटमध्ये ठेवायची, कायमची रूम डेटाबेसमध्ये.

नुसतं पाठांतर करू नका. बटण दाबलं की दुधाचे लिटर वाढवणारं छोटं अ‍ॅप कोटलिनमध्ये लिहा, फोन फिरवा, लॉगकॅट बघा. स्वतः करून पाहिलेलं उत्तर इंग्रजी अडखळलं तरी सांगता येतं.